एआयकडून वेबसाइटचं डिझाइन करून घेतलं, पण ते आपलं वाटत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या लाकडी बैलांसाठी सल्ला हवा

लाकडी_नंदी
नमस्कार मंडळी. माझे मामा महालात लाकडी नंदीबैल बनवतात. घरामागच्या पडवीत लेथ आहे आणि हाताखाली दोन कारागीर. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, आधी मान वर करायला सवड नसते, बाकी वर्षभर तुरळक काम. हल्ली पुण्या-बंगळुरूला गेलेल्या नागपूरकरांचे मेसेज येतात, "मुलाला बैल हवा, पाठवाल का?" व्हॉट्सॲपवर त्याच त्या माणसाला तेच ते फोटो पाठवून मामी कंटाळली. म्हणून वेबसाइट.

एका एजन्सीने सांगितलेला आकडा ऐकून मामा म्हणाले, "तेवढ्यात सागवान येते." मग मीच एआय घेऊन बसले. चॅटजीपीटी, क्लॉड, व्ही-झीरो, लव्हेबल, सगळं पाहिलं. साइट चहा होईपर्यंत उभी राहते, खोटं नाही. पण जे उभं राहिलं ते असं: वर जांभळ्यातून निळ्यात विरघळणारी पट्टी, मधोमध "परंपरेला आधुनिकतेचा स्पर्श", खाली तीन गोल कोपऱ्यांचे चौकोन, प्रत्येकात एक चित्र. एकात रॉकेट. लाकडी बैलाच्या पानावर रॉकेट! त्याखाली "10,000+ समाधानी ग्राहक". मामांनी आयुष्यात एवढे बैल केले असतील की नाही कोण जाणे.

फोटो दिले नव्हते तर त्याने बैलही स्वतःच काढला. वशिंड नाही, शिंगं पुढे रोखलेली, स्पेनच्या आखाड्यातून आल्यासारखा. झूल नाही, घुंगरू नाही, चाकं मात्र ट्रकची.

तर प्रश्न असे. हे "आपलं" कसं करायचं? मराठी अक्षरं मोबाइलवर तुटल्यासारखी का दिसतात? आणि पैसे घेणं, होस्टिंग वगैरे एआयच्या भरवशावर सोडावं का?

बर्डीकर
रॉकेट काऊन काढता राजेहो, राहू द्या. पोळ्याले बैल कसा पळते ते तरी दिसन लोकाईले.

रेघ_आणि_रंग
मी वेबसाइट डिझाइन करूनच पोट भरते, धरमपेठेत बसते. तरी सांगते, कारण तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे. बहुतेकांकडे तेही नसतं.

आधी त्या जांभळ्याबद्दल. ही साधनं बहुतेक वेळा टेलविंड नावाच्या तयार मालावर साइट बांधतात. टेलविंडवाल्यांनी त्यांच्या नमुन्यांमध्ये बटणांना जो इंडिगो रंग दिला होता, तो हजारो लोकांनी तसाच ठेवला, तो कोड इंटरनेटवर पसरला आणि मॉडेल त्यावरच शिकलं. टेलविंडचे ॲडम वॉदन यांनी ऑगस्ट 2025 मध्ये त्याबद्दल थट्टेत जाहीर माफीच मागितली होती. तीन चौकोन, इंटर फॉन्ट, मोठ्या अक्षरातलं गुळगुळीत वाक्य, सगळ्याचं कारण हेच. तुम्ही काही सांगितलं नाही की ते सरासरी काढून देतं. "सुंदर, आधुनिक, पारंपरिक टच असलेली साइट बनव" म्हणजे काहीच न सांगणं.

मी गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत रंग विचारत नाही. दुकानात आलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांत काय विचारतो ते विचारते. तुम्ही मामींचं व्हॉट्सॲप उघडा आणि मागच्या सीझनचे प्रश्न एका कागदावर उतरवा. "किती इंची?" "पोरगा वर बसला तर चालते का?" "लाकूड कोणतं?" "चाकं फिरतात ना?" "पोळ्याच्या आधी पोचेल का?" असेच असणार. ज्या क्रमाने लोक विचारतात त्याच क्रमाने पान लावा. हा कागद एआयला द्या आणि सांगा की "परंपरेला स्पर्श" छाप एकही वाक्य नको, वरून खाली ही उत्तरं दे.

रंग बैलावरून घ्या. झुलीचा, गोंड्याचा, शिंगांच्या बेगडीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, त्यातून चार रंग उचला आणि त्यांचे कोड नेमून द्या. पार्श्वभूमीला हा, अक्षरांना हा, बटणाला हा आणि चौथा फक्त एका जागी. यापलीकडे पाचवा रंग आणायचा नाही असं बजावून ठेवा. "काय कर" याच्या जोडीला "काय करू नको" हेही स्पष्ट सांगा: ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग) नको, इमोजी नको, सावल्या नको, तीन सारखे चौकोन नको.

आणि मांडणी कागदावर पेन्सिलने काढा. चित्रकला यायची गरज नाही, इथे मोठा फोटो, इथे भाव, इथे फोन, बस. त्याचा फोटो काढून द्या. आताची मॉडेल्स हाताने काढलेलं रेखाटन बऱ्यापैकी वाचतात. दहा ओळी लिहून जे समजत नाही ते त्या वेड्यावाकड्या चौकोनांवरून समजतं.

पूर्ण साइट एकदम मागू नका. एक भाग घ्या, मनासारखा करा, जपून ठेवा, मग पुढचा. नाहीतर बटण बदलायला सांगाल आणि ते अख्खा मेनू बदलून देईल.

इतवारी_घाऊक
माझं स्पष्ट मत, वेबसाइटची गरजच नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाका, गूगलवर दुकानाचं प्रोफाइल करा, दोन्ही फुकट. मी एका एजन्सीकडून साइट करून घेतली होती. सहा महिन्यांनी भाव बदलायचे म्हटले तर फोन उचलेनात. डोमेनही त्यांच्याच नावावर. शेवटी नवीन नाव घ्यावं लागलं. इतवारीत कोणी वेबसाइट पाहून माल घ्यायला येत नाही.

रेघ_आणि_रंग
भाऊ, घाऊक मालाला नाही लागत, मान्य. पण यांचं गिऱ्हाईक बंगळुरूला बसलंय, इतवारीतून चालत जाणार नाही. गूगल प्रोफाइल मात्र नक्की करा, त्यात तुमचं बरोबर आहे. आणि डोमेन काहीही झालं तरी मामांच्या ईमेलवरून, मामांच्या नावावर घ्या.

पुण्यातली_नागपूरकर
मी ते गिऱ्हाईक! मागच्या वर्षी मुलीसाठी असाच एक बैल ऑनलाइन मागवला. फोटोत घोड्याएवढा दिसत होता, खोक्यातून निघाला तो मुठीत मावणारा. त्यामुळे इंच वगैरे लिहिण्यापेक्षा शेजारी मूल उभं करून फोटो टाका. तुमच्याच घरातलं नको असेल तर एखादी स्टीलची बादली ठेवा, बादली सगळ्यांना माहीत असते.

अजून एक. इथे सोसायटीत तान्हा पोळा कोणाला माहीत नाही. मराठवाड्यातली शेजारीण म्हणाली, "पोळा माहितीये, हा लहान मुलांचा काय प्रकार?" पोरांनी लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा, हे दोन वाक्यांत तरी पानावर लिहा.

लाकडी_नंदी
@पुण्यातली_नागपूरकर बादली पक्की. बोजाऱ्याचंही लिहिते. एआयला "तान्हा पोळ्याबद्दल लिही" म्हटलं तर त्याने बैलपोळ्याचंच लिहून दिलं, शेतकरी, नांगर, पुरणपोळी. लाकडी बैल शेवटच्या ओळीत, "मुलेही सहभागी होतात".

@रेघ_आणि_रंग कागद केला. पहिला प्रश्न सगळ्यात जास्त "किती इंची" हाच निघाला, दुसरा "पोळ्याआधी पोचेल का". लाकडाचं तर फार कमी जण विचारतात, मामांना वाईट वाटलं.

टाईपाची_पेटी
मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत सगळं केलं, आता निवृत्त. मराठी अक्षरं का तुटतात त्याचं सांगतो, कारण हा रोग मला रोज वर्तमानपत्रांच्या साइटवरही दिसतो.

पहिलं कारण, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळे देखणे दिसावेत म्हणून ही यंत्रं अक्षरं थोडी फाकवतात किंवा आवळतात. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते आणि "नंदीबैल" हा शब्द चार तुकडे होऊन लोंबतो. आवळली तर काने एकमेकांत घुसतात. त्याला सांगा, मराठी मजकुरावर लेटर-स्पेसिंग शून्य, कुठेही अपवाद नको.

दुसरं, दोन ओळींमधली जागा. इंग्रजीला एकास एक पुरते, आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार लागतात. मथळ्याला अक्षराच्या उंचीच्या सुमारे 1.35 पट आणि मजकुराला 1.6 पट ठेवा. माझा अंदाज चाळीस वर्षांच्या नजरेचा आहे, पाहून कमी-जास्त करा. "मूर्ती" आणि "र्‍हस्व-दीर्घ" असे शब्द टाकून तपासा. वरची मात्रा कापली गेली की समजा जागा कमी पडली.

तिसरं, फॉन्ट. तो जो इंटर म्हणतात त्यात देवनागरी नाहीच. मग फोन आपल्या मनाचा फॉन्ट उचलतो, तुमच्या फोनवर एक, मामांच्या फोनवर दुसरा. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता आहे, एक टाइप संस्थेचा, मजकुराला उत्तम आणि वजनंही भरपूर. मथळ्यासाठी तिरो देवनागरी मराठी घ्या, जुन्या छपाईची चव आहे त्यात. फक्त लक्षात ठेवा, तिरोला ठळक वजन नाही. एआय हमखास त्याला ठळक करतं, मग ब्राउझर खोटा ठळकपणा आणतो आणि "क्ष", "ज्ञ" यांच्या पोटातली जागा बुजून काळे ठिपके होतात.

चौथं, पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा "एमआर" (mr, म्हणजे मराठी) लिहिली आहे का पाहा. बहुतेक वेळा इंग्रजीच राहून जाते. ही खूण असली तर काही फॉन्ट पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप देतात, नाही तर हिंदीची वळणं येतात. 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच वळणं सांगितली आहेत. तुमच्या पानावर तर "लाकडी" हाच पहिला शब्द.

बर्डीकर
काका, तुमी पहिल्यांदा एवढं लांबलचक लिहून राहिले. जपून ठेवला धागा.

लाकडी_नंदी
काका, शिरोरेषेचा प्रश्न जागेवर मिटला! मथळ्याला त्याने खरंच अंतर दिलं होतं. तिरोचा ठळकपणा काढला तर "नंदीबैल" एकदम छापील निमंत्रणपत्रिकेसारखं देखणं दिसतंय. तान्ह्या पोळ्याचा इतिहास मात्र एआयने शिवकालात नेऊन ठेवला होता, मामांनी त्यावर फुली मारली. आमच्याकडे तर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केला असंच सांगत आले आहेत.

मिहानवाला
कोडिंगची नोकरी करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

एआय संशोधक आंद्रे कार्पाथीने फेब्रुवारी 2025 मध्ये "व्हाइब कोडिंग" हा शब्द काढला, म्हणजे कोड न वाचता नुसतं सांगत जायचं. कार्पाथीनेही ते शनिवार-रविवारच्या फेकाऊ प्रयोगांसाठी चालेल असंच म्हटलं होतं. लोकांनी त्यावर दुकानं उघडली. त्याच वर्षी एका तपासणीत लव्हेबलवर बांधलेल्या 1,645 साइट्सपैकी 170 मध्ये डेटाबेसला कुलूपच नव्हतं. नाव, ईमेल, काय असेल ते कोणीही बाहेरून वाचू शकत होतं. साइट दिसायला चकाचक. अशा ठिकाणी डिझाइन पाहून काही कळत नाही.

तुमच्या कामाला डेटाबेस लागतच नाही. मोजके नमुने आहेत, ते पाच पानांत बसतात. एआयला सांगा, साधं एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचा मजकूर आणि त्याची सजावट) दे, रिॲक्टसारखं जड काही नको, लॉगिन नको, कार्ट नको. प्रत्येक बैलाखाली "व्हॉट्सॲपवर विचारा" हे बटण, दाबलं की मेसेजमध्ये बैलाचं नाव आधीच लिहिलेलं. नक्षी, नाव कोरणं, झुलीचा रंग हे सगळं बोलूनच ठरतं ना? मग पैसेही तिथेच यूपीआयने. पुढे कधी पेमेंट गेटवे लावलंच तर त्याची गुप्त चावी पानाच्या कोडमध्ये ठेवू देऊ नका. एआय ती बिनधास्त तिथे चिकटवतं आणि ब्राउझरमध्ये उजवं क्लिक केलं की दिसते.

फुकट होस्टिंगमध्ये (साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेत) एक मेख आहे. व्हर्सेलचा फुकट प्लॅन धंद्यासाठी नाही, त्यांच्या अटींत लिहिलंय. क्लाउडफ्लेअर पेजेसला तशी अडचण नाही.

फोटो मोबाइलमधून तसेच चढवू नका. वेबपी (हलक्या फाइलचा प्रकार) करून, फोनच्या पडद्याएवढ्या रुंदीचे करा. गूगलच्या मोजमापात पानातली मोठी गोष्ट 2.5 सेकंदांत दिसायला हवी. तुमच्या पानावर ती मोठी गोष्ट म्हणजे बैल.

इतवारी_घाऊक
मी म्हटलं तेच झालं की, फिरून व्हॉट्सॲपच!

मिहानवाला
हो भाऊ, पण मामींना आता तोच तो फोटो पाठवावा लागणार नाही. निम्मं बोलणं पान करतं.

चौथं_सेमिस्टर
कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. विचारायचं होतं, हे सगळं एआय करत असेल तर आम्ही वेब डिझाइन शिकायचं की नाही? सर म्हणतात शिका, सीनियर म्हणतात सोडा.

रेघ_आणि_रंग
हा धागा वरून वाच. साइट एआयने बांधली. बादली एका आईने सुचवली, शिरोरेषा एका कंपोझिटरने जोडली, कुलूप मिहानवाल्यांनी सांगितलं. कुठे काय विचारायचं ते ज्याला कळतं त्याचं चालतंय. माझी "पाच पानांची साइट करून द्या" वाली कामं कमी झालीत, त्यात खोटं काय बोलू. "एआयने केलीय, पण कोणी फोन करत नाही, जरा बघा ना" अशी कामं येऊ लागलीत. त्याचे मी पहिल्यापेक्षा जास्त घेते. टायपोग्राफी आणि सीएसएस मात्र हाताने शीक, नाहीतर एआयचं कुठे चुकलं ते दिसणार नाही.

लाकडी_नंदी
एवढ्यात कुठवर आलं ते सांगते.

वर आता एकच फोटो आहे. पडवीच्या ओट्यावर सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा असे बैल ओळीने, शेवटी बादली. प्रत्येकाच्या पायाशी इंच आणि भाव, बोट लावलं की त्या बैलाचं पान. ही मांडणी मी पेन्सिलने काढून दिली होती. एआयने पहिल्या झटक्यात पुन्हा चौकोन करून आणले, "चौकोन नाही, एकच ओटा, सगळ्यांचे पाय एका रेषेत" असं बजावल्यावर जमलं. लहान बैल लहानच दिसला पाहिजे हे त्याला पटवायला वेळ लागला, ते सगळे फोटो सारख्या मापाचे करून टाकत होतं. मामा तेवढ्यात मागून म्हणाले, "त्याले सांग, लेकरू न बाप एका उंचीचे नसतेत."

रंग चार. पांढरट लाकडाचा, झुलीचा लाल, गोंड्याचा हिरवा आणि अक्षरांना जवळजवळ काळा. बेगडीचा सोनेरी घ्यायचा होता, पण पांढरटावर सोनेरी अक्षरं वाचताच येईनात.

रेघ_आणि_रंग
सोनेरी सोडलात ते उत्तम. अक्षर आणि पार्श्वभूमीत 4.5 ला 1 एवढा फरक हवा, असा वेबचा सुलभतेचा निकष आहे. फुकट तपासण्या ऑनलाइन मिळतात. एआयला फिकट राखाडी अक्षरांचं फार वेड, एसीत बसून छान दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी बर्डीवर उभं राहून फोन पाहा, कोरं पान दिसेल.

ते "10,000+ ग्राहक" आणि पाच तारेवाले अभिप्राय काढलेत ना? तळाशी लपून बसतात ते. खोटे अभिप्राय म्हणजे नुसता गचाळपणा नाही, ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीत धरलं जाऊ शकतं.

लाकडी_नंदी
काढले. कुठल्याशा मॅडमने "उत्कृष्ट सेवा, जलद वितरण" लिहिलं होतं, आम्ही अजून एकही पार्सल पाठवलं नव्हतं.

एक अडलंय. त्याने वर "तान्ह्या पोळ्याला एवढे दिवस बाकी" असं घड्याळ लावलं, मला आवडलं. पण तारीख त्याने मागच्या वर्षीचीच धरलीय.

टाईपाची_पेटी
धरणारच. पोळा पिठोरी अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. 2023 ला अधिक महिन्यामुळे पोळा 14 सप्टेंबरला गेला, 2025 ला 22 ऑगस्टला होता. दरवर्षी पंचांग पाहून हाताने भरा.

पुण्यातली_नागपूरकर
घड्याळ पोळ्याचं नको, शेवटच्या ऑर्डरचं लावा. मला पोळा कधी आहे ते आई फोन करून सांगते. "अमुक तारखेपर्यंत सांगितलं तरच बाहेरगावी वेळेत पोचेल" हे कोणी सांगत नाही. आणि शिंगं वेगळी काढून पाठवता येतात का ते लिहा. माझ्या बैलाचं एक शिंग कुरिअरमध्येच गेलं.

लाकडी_नंदी
हे मामांना विचारलं. म्हणाले खिट्टीची शिंगं करता येतील, दाबून बसवायची. बाहेरगावच्या बैलांना तशीच करणार. शेवटच्या ऑर्डरची तारीखही मामाच ठरवतील, मी ती एका साध्या ओळीत लिहून ठेवलीय म्हणजे मामीलाही बदलता येईल. पोळा झाला की ती ओळ जाऊन "पुढच्या वर्षीसाठी सांगून ठेवा" येईल.

कोणाकडे जुना, कमी रॅमचा फोन आहे का? लिंक वैयक्तिक संदेशात पाठवते, जरा उघडून पाहा.

बर्डीकर
माह्याजवळ आहे, काच फुटलेला. पाठवा.

बर्डीकर
उघडली. बैल लवकर दिसला, भाव दिसला, बादली दिसली. पण खाली मामाचा नंबर हाये त्याले दाबून राहिलो तर काहीच होत नाही.

लाकडी_नंदी
एआयने नंबर नुसता मजकूर म्हणून लिहिला होता, त्याला फोनची लिंकच दिली नव्हती. लावली. पुन्हा दाबा.

बर्डीकर
लागला. मामाच बोलले. पुतण्यासाठी 12 इंची सांगून ठेवला, हिरवी झूल.